रेल्वेच्या क्लिपपासून स्वयंपाकघरातली सुरी: पहिल्यांदा भट्टी पेटवणाऱ्यांसाठी

मी घिसाडी, म्हणजे भटक्या लोहारांच्या घरातली. आमच्यात पुरुष सांडसात लोखंड धरतो आणि बाई घण मारते. फलटण भागातल्या आठवडी बाजारांत आईवडिलांचं हे काम बघत मी वाढले. आता माझी स्वतःची भट्टी आहे आणि सुट्टीच्या दिवशी शहरातली मुलंमुली शिकायला येतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी परदेशातले व्हिडिओ बघितलेले असतात आणि त्यांना रेल्वेच्या लोखंडाचीच सुरी करायची असते. होते तशी सुरी, चांगली होते. पण कुठलं लोखंड घ्यायचं आणि ते कुठून आणायचं, हे आधी नीट समजून घ्या.

व्हिडिओत दिसतो तो रुळाखालच्या लाकडी स्लीपरमध्ये ठोकलेला चौकोनी खिळा. अमेरिकेत त्याच्या डोक्यावर ‘एचसी’, म्हणजे ‘हाय कार्बन’, अशी अक्षरं असली, तर लोक त्याला भारी पोलाद समजतात. प्रत्यक्षात त्यात कार्बन ०.३० टक्क्यांच्या आसपास असतो. सुरीची धार टिकायला तो निदान ०.५० टक्के तरी हवा. आपल्याकडचे जुने खिळेही मऊच. त्याची सुरी दिसायला सुरेख होते, कांदाही कापते, पण चार दिवसांत बोथट होते. मला नवशिक्यांना असं काम द्यायचं नाही. एवढा घाम गाळायचा तर हातात वापरायची वस्तू आली पाहिजे.

रुळाच्या पोलादात कार्बन साधारण ०.६० ते ०.८० टक्के असतो. म्हणजे पोलाद उत्तम. पण रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलो वजनाचा. त्यातून सुरीपुरता तुकडा कापून काढणं हे पहिल्या कामाचं काम नव्हे. रुळाचा फूटभर तुकडा मिळाला तर त्याची ऐरण करा, त्याचा तोच खरा उपयोग.

उरते ती क्लिप. सिमेंटच्या स्लीपरवर रूळ दाबून धरणारा वेटोळ्याचा जाड गज तुम्ही पाहिला असेल. त्याला पँड्रोल क्लिप म्हणतात. पेर पांडे-रोल्फसेन या नॉर्वेच्या अभियंत्याच्या आडनावावरून हे नाव पडलं. रेल्वेतले लोक ‘ईआरसी’, म्हणजे ‘इलॅस्टिक रेल क्लिप’, म्हणतात. गज साधारण २० मिलिमीटर जाड, वजन किलोच्या आत, सरळ केला तर फूटभरापेक्षा थोडा जास्त भरतो. पोलाद ५५एसआय७ जातीचं, म्हणजे कार्बन ०.५५ टक्क्यांच्या आसपास आणि दीड ते दोन टक्के सिलिकॉन. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचंच भावंड. आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं पाट्याचे कोयते केलेत, त्यामुळं या जातीच्या पोलादाचा स्वभाव आम्हाला माहीत आहे. ते चिवट असतं, तेलात कडक होतं आणि नवख्या हाताच्या बऱ्याच चुका सोसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रुळाच्या कडेला पडलेली क्लिप उचलायची नाही. बसवलेली काढायचा तर विचारही मनात आणू नका, त्या क्लिपवर गाडीतल्या माणसांचा जीव असतो. जिचा हिशेब देता येत नाही अशी रेल्वेची वस्तू जवळ बाळगणं हा १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्यासारख्या भटक्या जमातींकडं पोलिसांची नजर आधीच वाकडी, म्हणून वडील पावती नसलेल्या रेल्वेच्या लोखंडाला हातही लावायचे नाहीत. रेल्वे आपलं भंगार लिलावात विकते. ते घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून पावतीसकट क्लिप घ्या आणि पावती जपून ठेवा. पावती देत नसेल तर सरळ ट्रकच्या पाट्याचा तुकडा घ्या. पुढं सांगितलेलं सगळं त्यालाही लागू पडतं, उलट तो आधीच चपटा असल्यामुळं निम्मी मेहनत वाचते.

सुरीचं मापही आधीच ठरवा. पातं ५ इंच लांब, सव्वा इंच रुंद. घरकाम, शेतीकाम अशी कामं सोडून इतर कारणासाठी ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं बाळगायचं तर शस्त्रांचे नियम लागू होतात. भाजी चिरायला एवढं पातं लागतही नाही.

लोखंडाची परीक्षा

क्लिप आणली की रॉकेलच्या फडक्यानं तिचं ग्रीस पुसून काढा. तारेच्या ब्रशनं गंज खरवडा आणि वेटोळ्याच्या आतल्या बाजूला बारीक चीर आहे का ते उन्हात धरून बघा. खोल खड्डे किंवा चीर दिसली तर ती क्लिप बाजूला ठेवा. चिरेचं लोखंड ठोकून सांधत नाही, चीर पुढं पळते. जस्ताचा मुलामा दिलेली कुठलीही वस्तू भट्टीत घालू नका. जस्ताच्या धुरानं ताप भरतो, छाती भरून येते.

मग एका टोकाचा बोटभर तुकडा कापून नारिंगी होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. गार झाला की वाइसमध्ये धरून वर जाड फडकं टाका, डोळ्यांना गॉगल लावा आणि हातोडा मारा. कट्‌कन तुटला आणि आतून बारीक करडा दाणा दिसला तर पोलाद सुरीच्या लायकीचं. वाकला तर मऊ लोखंड, त्याची आकडी करा. भंगारातल्या कुठल्याही तुकड्याला ही परीक्षा लागू पडते आणि ती अक्षरं वाचण्यापेक्षा जास्त खरी असते.

भट्टी आणि ऐरण

भट्टी म्हणजे जमिनीत वीतभर खोल खड्डा, तळाशी वारा सोडणारा लोखंडी पाइप आणि त्याला जोडलेला हाताचा पंखा किंवा छोटा ब्लोअर. चारी बाजूंनी माती आणि विटा. जळण म्हणून लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा घ्या. दगडी कोळशात उष्णता जास्त असते, पण धूर आणि गंधक असतं आणि नवख्याला जाळ सांभाळता येत नाही. भट्टी उघड्यावर किंवा चारी बाजूंनी मोकळ्या छपराखाली हवी. बंद खोलीत कोळसा पेटवला तर ज्या वायूनं माणूस झोपेतच जातो, तो वायू ना दिसतो ना त्याला वास असतो.

ऐरण म्हणून रुळाचा तुकडा आडवा न ठेवता उभा गाडा. आडव्या रुळावर घाव बसला की त्याची मधली पातळ पट्टी थरथरते आणि निम्मा जोर वाया जातो. उभा केला की सगळं वजन घावाच्या बरोबर खाली येतं. बाभळीच्या ओंडक्यात तो पक्का बसवा. सरळ उभं राहून हात खाली सोडला की वळलेली मूठ जिथं येते, तिथं ऐरणीचा माथा हवा. उंच असेल तर खांदा धरतो, खाली असेल तर कंबर.

हातोडा एक किलोचा पुरे. नव्या हातोड्याच्या कडा धारदार असतात, त्या ग्राइंडरनं गोल करून घ्या, नाहीतर प्रत्येक घावाची खूण पात्यात उतरते. सांडस क्लिपच्या जाडीला घट्ट बसणारा हवा. निसटलेलं तापलं लोखंड कुठं जाईल ते सांगता येत नाही. सुती कपडे, बंद चामडी बूट, गॉगल. नायलॉन आणि टेरिकॉट अंगावर नको, ते कातडीला चिकटून जळतं. ओढणी, पदर, मोकळे केस बांधून घ्या. पाण्याची बादली आणि वाळूची पाटी हाताशी ठेवा.

रंग

मी शिकवते तेव्हा हातोडा लगेच हातात देत नाही. आधी भट्टीसमोर बसून नुसते रंग बघायला लावते. मुलं कंटाळतात, पण या कामात जे काही बिघडतं ते बहुतेक रंग न ओळखल्यामुळं बिघडतं, घाव कमी-जास्त पडल्यामुळं नव्हे.

लोखंड सावलीत बघायचं. उन्हात लाल लोखंड काळं दिसतं आणि माणूस ते जास्त तापवत बसतो. सावलीत पहिल्यांदा दिसतो तो मळकट लाल. या रंगात घाव घालायचा नाही, लोखंड आतून चिरतं. मग उजळ लाल, मग नारिंगी. नारिंगी म्हणजे ९०० ते १००० अंश सेल्सिअसच्या आसपास, हीच कामाची वेळ. पिवळ्याकडं झुकलं की ते वाऱ्यापासून बाजूला घ्या. पांढरं होऊन चांदण्या उडायला लागल्या की पोलाद जळलं, तेवढा भाग कापून टाकण्यावाचून इलाज नाही.

लोखंड पाइपच्या तोंडाशी खुपसू नका. तिथं ताजा वारा असतो, तो लोखंडाचं कीट करतो. खाली चार बोटं निखारे, वर तेवढेच, आणि मधोमध लोखंड. वारा हळू सोडा. घाईनं तापवलं तर वरून नारिंगी आणि आतून काळं राहतं, आणि २० मिलिमीटरच्या गजाला आतपर्यंत तापायला वेळ लागतोच.

घडाई

आधी वेटोळं उलगडायचं. नारिंगी झालेला वाक ऐरणीच्या कडेवर टेकवा आणि ठोकत उघडा. एका तापात, म्हणजे एकदा तापवलं की, एकच वाक. पूर्ण सरळ झाला की गज तोडू नका. पातं एका टोकाला घडवा आणि उरलेला गज धरायला ठेवा. सुरीला अर्धीच क्लिप लागते. पातं आणि शेपूट, म्हणजे मुठीत जाणारा भाग, मिळून पाव किलोच्या आत बसतात.

दोघं असाल तर काम सोपं होतं. एकानं डाव्या हातात सांडस, उजव्या हातात हातोडी धरायची. हातोडी जिथं टेकेल, तिथंच घण पडायचा. हातोडी ऐरणीवर आडवी टेकली की घण थांबला. माझ्या आईनं आयुष्यभर या खुणेवर घण मारला, पोटात मी असतानासुद्धा. बाजारात मात्र ‘कोयता कुणी केला’ म्हणून विचारलं की गिऱ्हाईक वडिलांकडं बघायचं. घण मारणारीचं काम धरणाऱ्याच्या तोडीचं असतं, तुमच्यात कुणी घण घेतला असेल तर त्याचंही नाव घ्या.

पहिला आकार टोकाचा. गज चपटा करायच्या आधीच टोक तिरपं ठोकून निमुळतं करा. आधी चपटं करून मग टोक काढायला गेलात तर मधे खाच पडते आणि दोन ओठ एकमेकांवर दुमडतात. ती घडी पुढं हमखास चिरते. टोक झालं की गज उलटसुलट करत ६ मिलिमीटरपर्यंत चपटा करा. प्रत्येक ताप काढल्यावर ब्रशनं कीट झाडा, नाहीतर हातोड्याखाली ते पात्यात रुततं.

आता धारेचा उतार. इथं नवख्याला कोडं पडतं, कारण धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती लांब होते आणि सगळं पातं पाठीकडं वाकायला लागतं. म्हणून उतार काढण्याआधीच पातं मुद्दाम धारेच्या बाजूला वाकवून ठेवायचं. उतार जसा निघेल, तसं ते आपोआप सरळ होत येतं. दोन्ही बाजूंना सारखे घाव द्या. एकाच बाजूनं ठोकलेलं पातं पाणी देताना, म्हणजे तापवून तेलात एकदम गार करत कडक करताना, त्याच बाजूला पीळ धरतं. धार या टप्प्यावर बारीक करायची नाही. दीड-दोन मिलिमीटर जाड सोडा.

शेपूट पात्याच्या मागं खांदा पाडून काढा. साडेतीन इंच लांब आणि शेवटाकडं निमुळतं. शेवटी तापल्या लोखंडावर छिन्नी धरून उरलेल्या गजापासून वेगळं करा.

ठोकताना लोखंडाच्या अंगात ताण साठतो आणि वारंवार तापवल्यानं दाणा मोठा होतो. तो मोडायला पातं उजळ लाल होईपर्यंत तापवा आणि मोकळ्या हवेत लटकवून काळं होऊ द्या. पाण्यात नाही, वाऱ्यातही नाही. असं तीनदा करा. शेवटी एकदा तापवून कोरड्या राखेच्या डब्यात पुरून रात्रभर ठेवा. सकाळी कानस सहज चालली पाहिजे. कानशीनं आकार नेटका करा, मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं पात्याच्या लांबीच्या दिशेनं घासा. आडवे खोल ओरखडे ठेवू नका, पाणी देताना चीर तिथूनच सुरू होते.

पाणी देणं

सुरी खरी इथं होते. आतापर्यंत केलं ते लोखंडाचं चांगलं पातं, वाकवलं तर वाकणारं.

लोखंडी उभट डबा घ्या, झाकणासह. त्यात पातं पूर्ण बुडेल एवढं शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल. प्लास्टिकचा डबा नको. गॅरेजमधलं जळकं ऑइलही नको, त्याचा धूर विषारी असतो. तेल हाताला चांगलं गरम लागेल इतपत, ५०-६० अंशांपर्यंत तापवा. कोमट तेल पातळ होतं आणि पात्याभोवती लवकर फिरतं. पाणी वापरू नका. विळ्याकोयत्याची नुसती धार पाण्याला लावणं हे मुरलेल्या हाताचं काम आहे. या पोलादाचं पूर्ण पातं पाण्यात घातलं तर चिरेचा टणत्कार ऐकू येतो आणि सगळी मेहनत जाते.

संध्याकाळची वेळ निवडा. निखारे सारखे पसरा आणि पातं पाठ खाली, धार वर असं आत-बाहेर हलवत तापवा. पातळ धार आधी तापते, तिच्यावर लक्ष ठेवा. तारेला चुंबक बांधून जवळ लटकवा. पातं त्याला चिकटतंय तोवर तयार नाही. ७७० अंशांच्या आसपास चुंबक पकड सोडतं, पण तिथं थांबायचं नाही. सिलिकॉनमुळं या पोलादाला आणखी थोडी उष्णता हवी. चुंबकानं सोडल्यावर रंग एक छटा उजळू द्या, पूर्ण पातं एका रंगाचं होईपर्यंत धरा आणि मग न थबकता टोक खाली करून सरळ तेलात. आत गेल्यावर पुढं-मागं हलवा, कापल्यासारखं. डावी-उजवीकडं हलवलं तर पातं वाकतं. तेलावर ज्वाळा उठेल. हात लांब सांडसावर असू द्या, तोंड मागं ठेवा. ज्वाळा राहिली तर पातं काढून झाकण घाला. तेलाच्या आगीवर पाणी कधीही ओतू नका.

धूर ओसरला की बाहेर काढा. किंचित वाकलं असेल तर चामडी हातमोजे घालून लगेच सरळ करा. तेवढ्या काही क्षणांत ते ऐकतं, गार झाल्यावर मोडतं. आता धारेवर कानस फिरवून बघा. कानस न चावता घसरली तर पाणी बसलं. चावली तर पुन्हा एकदा मोकळ्या हवेत थंड करून मग पाणी द्या.

या अवस्थेत पातं काचेइतकं ठिसूळ असतं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून कडकपणा थोडा उतरवायचा, आणि त्याच दिवशी उतरवायचा. तुमच्याकडं ओटीजी असेल तर २०० अंशांवर एक तास ठेवा, बाहेर काढून गार करा, आणि पुन्हा एक तास. ओटीजीच्या बटणावर विश्वास नको, आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवा. पातं आधी घासून लख्ख केलंत तर त्यावर फिकट पिवळा रंग चढलेला दिसेल. ती खूण बरोबर.

वडिलांकडं ओव्हन नव्हता. ते कोयत्याची फक्त धार बुडवायचे, पाठीत धग शिल्लक ठेवायचे, बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं धार घासून चकचकीत करायचे आणि बघत राहायचे. पाठीतली धग धारेकडं सरकते, तसे रंग येतात: आधी फिकट पिवळा, मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळा म्हणजे जास्त कडक, निळा म्हणजे लवचीक. ऊस तोडायच्या कोयत्याला ते तपकिरीच्या पुढं जांभळट होऊ द्यायचे, मग पाण्यात पूर्ण बुडवायचे. भाजीच्या सुरीला पिवळ्यावर थांबायचं. हे रंग सरकताना बघणं मला अजूनही सगळ्यात जास्त आवडतं. ओव्हननं काम केलंत तरी उरलेल्या गजाच्या तुकड्यावर एकदा हे करून बघा.

मूठ आणि धार

मुठीला वाळलेली बाभूळ किंवा शिसव. ओलं लाकूड पुढं आकसतं आणि मूठ खुळखुळते. लाकडात भोक पाडा, शेपटाचं टोक तापवा, पातं ओल्या फडक्यात गुंडाळून धरा म्हणजे पाणी उतरणार नाही, आणि शेपूट दाबून भोकात जाळत बसवा. मग काढून भोकात लाखेचा चुरा आणि विटेची बारीक पूड भरा, शेपूट पुन्हा गरम करून आत दाबा. लाख वितळते आणि गार झाली की धरते. मुठीच्या तोंडाला तांब्याच्या पाइपाचं कडं चढवा, लाकूड तडकत नाही.

धार आता बारीक करायची. ग्राइंडर वापरलात तर पातं दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा. धारेवर निळा डाग दिसला की तिथलं पाणी गेलं. मी स्वतः कुरुंदाच्या दगडावर पाणी टाकून हातानंच करते. पातं दगडापासून १५ ते २० अंश उचलायचं, दोन्ही बाजू सारख्या, उलट बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. मग बारीक दगड, शेवटी चामड्याचा पट्टा. पिकलेला टोमॅटो न दाबता कापला गेला पाहिजे.

हे पोलाद गंजतं. कापून झालं की धुवा, लगेच पुसा, आठवड्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवा. लिंबू-चिंचेनं करडा-निळा रंग चढेल, तो घासून काढू नका, त्यानं गंज अडतो. उरलेल्या अर्ध्या गजाची छिन्नी करा. पाणी फक्त तोंडाकडच्या दोन बोटांना द्यायचं, कडकपणा जांभळ्या रंगापर्यंत उतरवायचा, आणि डोकं मऊच ठेवायचं, म्हणजे हातोड्याखाली त्याच्या कपच्या उडून डोळ्यात जाणार नाहीत.